वेलिगामाचे सहा दिवसांचे पॅकेज : कशाला पैसे द्यावेत, कशाला देऊ नयेत

गेल्या फेब्रुवारीत मी, पत्नी, मुलगी आणि माझी थोरली बहीण असे आम्ही चौघे पुण्यातल्या एका सहल कंपनीमार्फत श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा येथे सहा दिवस राहून आलो. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार तिच्या एकटीविषयी नाही. जाण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी केली होती आणि चारही पत्रकांत थोड्याफार फरकाने आमच्या पॅकेजातले तेच आठ उपक्रम छापलेले होते. महाबळेश्वरला गेल्यावर जसे एकामागून एक पॉइंट उरकायचे असतात, तसेच फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्यासाठी, म्हणजे सर्फिंगसाठी, प्रसिद्ध असलेले हे गावही आठ पॉइंटांत उरकायचे, अशी ही योजना आहे. हॉटेल स्वच्छ होते, मुंबई ते कोलंबो विमान वेळेवर सुटले, बसचा चालक सभ्य होता; या बाबतीत कंपनीने घेतलेले पैसे वसूल झाले. उपक्रमांच्या बाबतीत मात्र ज्याला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा होता, त्याला सर्वांत कमी वेळ मिळाला.

वेलिगामा हे नाव मराठी माणसाला फार परके वाटू नये. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव, म्हणजे आपल्या भाषेत वालुकाग्राम. ही वाळूच या गावाची खरी पुंजी आहे. पश्चिमेला काही किलोमीटरवर असलेल्या मिडिगामाला लाट खडकाळ तळावर फुटते आणि तिथे नवशिक्याने जाऊ नये. वेलिगामाचा उपसागर रुंद आहे, तळ वाळूचा आहे आणि तो हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे लाट एकदम कोसळत नाही, तर सावकाश मोडत, फेस होऊन बरेच अंतर किनाऱ्याकडे चालत येते. पडलो तरी खाली वाळू असते आणि कित्येकदा पाणी कमरेएवढेच असते. टिळक तलावात पोहायला शिकलेल्या, पण समुद्राशी कसलाही व्यवहार नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी फळीवर उभे राहता आले, याचे श्रेय माझ्यापेक्षा या वाळूला अधिक आहे.

कंपनीच्या पॅकेजात सर्फिंग म्हणजे एक तास होता, तोही दुपारी साडेतीन वाजता, दहा जणांच्या गटाला दोन शिक्षक अशा हिशेबाने. त्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच लाटा आल्या आणि बाकीचा वेळ छातीइतक्या पाण्यात फळी धरून आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात गेला. छायाचित्रे मात्र सर्वांची काढली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी आणि मुलगी आपणहून किनाऱ्यावर गेलो, तिथे फळ्या भाड्याने देणाऱ्या एका छपराखाली शिकवणीचा दर विचारला आणि कंपनीने जादा तासासाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशांत पुढच्या तीन सकाळी ठरवून टाकल्या. सकाळची वेळ महत्त्वाची आहे. दुपारकडे वारा वाढत जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटतो.

आमचा शिक्षक पंचविशीतला होता. पाण्यात नेण्याआधी त्याने वाळूवर बोटाने फळीची आकृती काढली आणि अर्धा तास त्या आकृतीवरच आम्हाला पालथे पाडून उठवले: तळवे बरगड्यांच्या बाजूला टेकायचे, छाती उचलायची, मागचा पाय आधी आणून मग पुढचा दोन हातांच्या मध्ये ठेवायचा, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. नजरेचा मुद्दा त्याने इतक्या वेळा सांगितला की मला प्रथम त्याचा कंटाळा आला. पाण्यात गेल्यावर मी आपल्या पायांकडे पाहिले आणि दर वेळी पडलो, तेव्हा त्याचे कारण कळले. नवशिक्यांना लांब आणि रुंद, फोमची फळी देतात, कारण ती कमी डगमगते आणि लागली तरी इजा कमी करते. फळी कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये आडवी धरू नये, पडल्यावर वर येताना डोक्यावर हात ठेवावेत आणि पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे, या तीन गोष्टी त्याने आमच्याकडून पाठ म्हणवून घेतल्या. कंपनीच्या तासात यातली एकही सांगितली गेली नव्हती, आणि या परीक्षणातला माझा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

तिसऱ्या सकाळी लाटेने फळी मागून उचलली, तिच्या पुढच्या टोकाखालून पाणी सळसळत गेल्याचा आवाज आला आणि मी दहा-बारा सेकंद उभा राहिलो. पोटाची आणि गुडघ्यांची कातडी फळीवर घासून इतकी सोलवटली होती की रात्री खोबरेल तेलही झोंबत होते. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट पुण्याहूनच न्यावा. ताई पाण्यात उतरली नाही, पण शिक्षकाने तिला पहिल्याच दिवशी अक्का म्हणून हाक मारली. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे समजल्यावर ती रोज सकाळी आमच्याआधी तयार होऊन किनाऱ्यावर येऊन बसू लागली.

जवळच्या मिरिसा गावाहून बोटीने देवमासे पाहायला जाणे हा पॅकेजातला दुसरा चांगला उपक्रम, परंतु त्यातला आनंद निर्भेळ राहत नाही. या भागात सागरी मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद असल्यामुळे किनाऱ्यापासून फार दूर न जाता खोल पाणी लागते आणि साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात तिथे निळे देवमासे दिसतात. आम्हाला एक दिसला. करड्या-निळ्या पाठीचा लांबच लांब भाग पाण्यातून सरकत गेला आणि त्या मानाने हास्यास्पद वाटावा असा पाठीवरचा लहानसा पर मागे आला. त्या क्षणी आमच्यासह सात बोटी त्याच्याभोवती कोंडाळे करू लागल्या होत्या. मोठ्या मालवाहू जहाजांचा रस्ताही इथून, दोंद्रा टोकाच्या दक्षिणेकडून जातो. देवमाशांना धडक बसू नये म्हणून एका मोठ्या जहाज कंपनीने 2022 साली आपला मार्ग आणखी दक्षिणेला सरकवला. ज्याचा नावाडी अंतर राखून इंजिन मंद करतो अशीच बोट निवडावी, आणि उलटी थांबवणारी गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

कोग्गला येथे समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे कोळी दाखवतात. आता त्यातले बहुतेक जण पैसे घेऊन छायाचित्रासाठीच बसतात. पाच मिनिटे पुरेत. पत्रकात यासाठी पाऊण तास आहे.

याउलट गॉलच्या किल्ल्याला दीड तास हा अन्यायच होता. 1588 साली पोर्तुगिजांनी उभारलेली आणि पुढे डचांनी सतराव्या शतकात विस्तारलेली ही तटबंदी 1988 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडचे बहुतेक जलदुर्ग आज ओसाड असतात, इथे मात्र तटाच्या आत लोक राहतात, शाळा भरतात, न्यायालय चालते. तटात प्रवाळाचे दगड जागोजागी दिसतात, आणि गावाचे सांडपाणी समुद्राच्या पाण्याने धुऊन नेण्याची डचांची व्यवस्था वाचल्यावर पुण्याच्या माणसाला मुठा नदीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वेलिगामाहून गॉलला किनाऱ्याकाठची आगगाडी जाते आणि तिचे तिकीट अगदी स्वस्त आहे; कंपनीची बस सोडून याच गाडीने जावे.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना करतो. ओल्या खोबऱ्याची पोल सांबोल नावाची चटणी दिसायला आपल्यासारखी असली तरी तिच्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो; ताईला हे दुसऱ्या दिवशी कळले, आणि ते आमच्या मार्गदर्शकाने नव्हे, तर हॉटेलच्या स्वयंपाक्याने सांगितले. मासे खाणाऱ्यांनी अंबुल तियल अवश्य मागवावे. त्यातला आंबटपणा गोरका नावाच्या फळाचा असतो. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे.

आठवा उपक्रम होता किनाऱ्यावरची संध्याकाळची पार्टी, मद्यासह. ती ज्या दिवशी ठरवली होती त्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला पोया म्हणून सार्वजनिक सुटी असते आणि मद्यविक्री बंद असते. जिच्या कार्यालयाच्या भिंतीवर तिथींसह दिनदर्शिका लटकलेली होती, त्या पुण्याच्या कंपनीला पौर्णिमा कळू नये, याचे मला अजून नवल वाटते. आम्हाला लिंबू सरबत आणि दिलगिरी मिळाली.

त्या मोकळ्या संध्याकाळी आम्ही चालत कुष्ठराजगल पाहून आलो. एका प्रचंड शिळेत कोरलेली बोधिसत्त्वाची ही मूर्ती आठव्या-नवव्या शतकातली मानतात. कुष्ठाने पीडित एक राजा इथे नारळाच्या पाण्यावर राहून बरा झाला, अशी कथा सांगतात. हॉटेलपासून वीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आणि पाहायला काहीही खर्च न आलेल्या या जागेचा पत्रकात उल्लेखही नाही. पौर्णिमा असल्याने पांढरे कपडे घातलेली कुटुंबे रस्त्याने विहाराकडे निघाली होती, आणि पत्नीच्या मते सहा दिवसांतली सर्वांत चांगली संध्याकाळ हीच झाली.

परतल्यावर अभिप्राय देण्यासाठी कार्यालयात गेलो, तेव्हा टेबलावर मे महिन्याच्या सुट्टीचे पत्रक होते : तेच वेलिगामा, तेच आठ उपक्रम, छायाचित्रेही शांत निळ्या पाण्याची. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, दक्षिण किनाऱ्यावरचा समुद्र खवळतो, देवमाशांच्या बोटी जवळजवळ बंद होतात, आणि लाटांसाठी जाणारे लोक तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेला जातात, कारण तिथला हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. हे मी कार्यालयातल्या तरुणाला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, मेमध्ये शाळांना सुट्टी असते ना." वेलिगामाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच जावे, विमान आणि हॉटेल यांपुरतेच पॅकेज घ्यावे आणि निदान चार सकाळी रिकाम्या ठेवाव्यात.