सोसायटीच्या ग्रुपवर बदनामी: फौजदारी तक्रार की दिवाणी दावा?

‘मेंटेनन्सचे पैसे याने खाल्ले’ असं कुणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की माणूस आधी पोलीस ठाण्यात धावतो. तिथे सहसा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हातात पडते; कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालचा बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. खरा मार्ग म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. समाजसेवेचाही पर्याय आहे. तक्रार करायची मुदत तीन वर्षांची. खर्च तुलनेने कमी, पण तारखांना स्वतः हजर राहावं लागतं.

दिवाणी दाव्याला मुदत एकच वर्ष, आणि मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी. तरीही मला हाच मार्ग अनेकदा अधिक उपयोगी वाटतो, कारण पुढचा मजकूर थांबवायला मनाई हुकूम इथेच मागता येतो. शेजाऱ्याला तुरुंगात पाठवून त्याच जिन्यात रोज समोरासमोर यायचं, हे फार जड जातं. मात्र आरोप खरा ठरला तर दावा पडतो. फौजदारीत आरोपीला सत्यासोबत लोकहितही दाखवावं लागतं.

दोन्हीकडे मेसेज जपा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठल्या उपकरणातून, कसा घेतला हे सांगणारं) लागतं, म्हणून मूळ चॅट असलेला फोन विकू नका. अॅडमिनला मात्र उगाच गोवू नका: समान हेतू नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे.