ब्राह्मी की गिंको?

स्मरणशक्तीसाठी काही घ्यायचंच असेल, तर माझा कौल ब्राह्मीला. गिंको या चिनी झाडाच्या पानांपासून केलेल्या औषधाचं नाव मोठं आहे, पण त्याची कसून परीक्षा झाली आणि त्यात ते टिकलं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना रोज २४० मिलिग्रॅम अर्क किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. सरासरी सहा वर्षांनंतरही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण घटलं नाही. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ही गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा.

ब्राह्मीचे प्रयोग लहान आहेत, हे मान्य. पण साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेतल्यावर शिकलेलं आठवण्यात थोडा फरक काही प्रयोगांत दिसला. चार दिवसांत गुण येत नाही. मळमळ, जुलाब होऊ शकतात, म्हणून जेवणानंतर घेतलेली बरी. विकत घेताना लेबलवर ‘बाकोपा मोनिएरी’ आहे ना, ते बघा. मंडूकपर्णीलाही बरेच जण ब्राह्मीच म्हणतात, आणि ती वनस्पती वेगळी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.