लव्हाळ्यावर तणरोधक कापड : आठ महिन्यांनंतर

रत्नागिरीजवळच्या आमच्या आगरात, सुपारीच्या दोन रांगांमध्ये, लव्हाळा असा माजला होता की बेणून आठ दिवस होत नाहीत तोच नवे कोंब वर येत. त्याआधीच्या वर्षी २५ मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर (आच्छादन) घातला, पण टोकदार कोंबांनी तो पहिल्याच पावसात भोसकला. म्हणून मे अखेरीस १०० जीएसएमचे (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचे) विणलेले काळे तणरोधक कापड आणले.

अंथरण्यापूर्वी कुदळीने वीतभर माती उकरून गाठी वेचल्या. पॉवर टिलर मुद्दाम टाळला, कारण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली बारीक मुळांसारख्या तंतूंनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ती साखळी तुटली की एरवी सुप्त राहणारी गाठही फुटते. सोबत मिळालेल्या पिना जांभ्यात दोन बोटांपलीकडे शिरेनात. शेवटी गडग्याचे पडके चिरे कडांवर ठेवले आणि जूनच्या वाऱ्यातही कापड जागचे हलले नाही.

सलग कापडाखाली लव्हाळा पिवळा पडून वाकला आहे, परंतु मेलेला नाही. डिसेंबरात एक कोपरा उचलून खणले, तेव्हा हाताला कडक, ताज्या गाठी लागल्या. त्यामुळे आणखी एक पावसाळा तरी कापड काढणार नाही. खरा त्रास झाला तो जोडांवर आणि बुंध्यांभोवती कापलेल्या गोलांत. चार बोटांचा पदर अपुरा पडला, वीतभर हवा होता. शिवाय कापलेल्या कडा मेणबत्तीवर डागायच्या राहिल्या, तेथे धागे सुटून लव्हाळ्याला आयती वाट मिळाली.

रानमोडी या दुसऱ्या तणाचे बी वाऱ्याने येते आणि कापडावर साचलेल्या पातेऱ्यात रुजते, म्हणून दर पंधरवड्याला खराटा फिरवावा लागतो. गडग्यापलीकडची रानमोडी फुलण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, कोयतीने तोडली, त्याचाही उपयोग झाला असावा.

तणनाशक का नाही, असे शेजारी विचारतात. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करता येतो, आणि तसे नसते तरी आमची विहीर तेथून दहा पावलांवर आहे.

लाल माठासारखी फोकून पेरायची भाजी असेल तेथे हे कापड निरुपयोगी. ते दोन वाफे आम्ही अजूनही हातानेच बेणतो.