खाऱ्या वाऱ्यातला इसीयू : जुन्या एमएक्स-५ वर स्पीडुइनोचे अकरा महिने

माझ्याकडे १९९१ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. १५९७ सीसीचे इंजिन, दोनच आसने आणि कापडी टप अशी ही गाडी काकांनी इंग्लंडमधली नोकरी संपवून रत्नागिरीला परतताना सोबत आणली, आणि त्यांचे गुडघे कुरकुरू लागल्यावर ती माझ्याकडे आली. गेल्या सप्टेंबरात मी तिचा मूळ इंजिन-संगणक (इसीयू) काढून त्याच्या जागी स्पीडुइनो नावाचा खुल्या आराखड्याचा बोर्ड बसवला. तेव्हापासून एक अख्खा पावसाळा आणि सुमारे नऊ हजार किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

बदलाचे कारण हौस नव्हते. या इंजिनाच्या मूळ रचनेत हवा मोजण्याचे काम एक झडप करते. आत येणारी हवा तिला ढकलते आणि ती जितकी उघडेल त्या मानाने संगणक पेट्रोल सोडतो. तीस वर्षांत या झडपेखालची कार्बनची पट्टी घासून गेली होती, म्हणून हळू चालवताना गाडी मधेच दचके मारी. त्यात पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आले. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच लागते, आणि वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन आठ-नऊ टक्के जास्त सोडावे लागते. संथ गतीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की जुना संगणक त्या सेन्सरकडे पाहणे सोडून देतो आणि कारखान्यात लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. ते आकडे मुळात थोडे सढळ असल्यामुळे इंजिन वाचले. तरी निवळीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये बारीक टकटक (नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात इंधन भलत्या वेळी पेटल्याचा आवाज) ऐकू येऊ लागली, आणि तो आवाज एकदा कानात बसला की माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही.

पर्याय बरेच पाहिले. मूळ संगणक तसाच ठेवून त्याचे सिग्नल मधल्या मधे बदलणारी पिगीबॅक पेटी स्वस्त आणि सोपी असते, पण तिच्या खाली तीच घासलेली झडप राहणार होती, म्हणून तो विचार लगेच सोडला. ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक, न्यूझीलंडचे लिंक आणि पोलंडचे इसीयूमास्टर ही तयार इसीयूंची तिन्ही नावे वजनदार आहेत, आणि टर्बो बसवायचा असता तर मी त्यांतलेच एक घेतले असते. मेगास्क्वर्ट या स्वतः जुळवता येणाऱ्या इसीयूवर मन बराच काळ रेंगाळले. शेवटी स्पीडुइनो घेतला, आणि तो गुणांच्या यादीवरून नव्हे, माझ्या पोटापाण्याच्या धंद्यावरून घेतला. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरांवरची जीपीएस आणि फिशफाइंडर यंत्रे मी दुरुस्त करतो. सीलबंद पेट्यांचे या हवेत काय होते ते रोज पाहतो. वरून नवीकोरी दिसणारी पेटी उघडली की आत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असतो. जी वस्तू मला उघडता येते, जिचा नकाशा माझ्यासमोर आहे आणि जिचा सुटा भाग पार्सलने चार दिवसांत येतो, ती मला हवी होती. जॉश स्ट्युअर्ट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही खुले आहेत, आणि मेंदू म्हणून साधा अर्डुइनो मेगा २५६० बसतो. तो मेला तर सॉकेटमधून उपटून दुसरा लावता येतो. एक मी खणात ठेवूनच दिला आहे.

बोर्ड मी जुळवलेलाच मागवला, जोडीला मूळ वायरिंगच्या प्लगात बसणारा अडॅप्टर घेतला. गाडीत लावण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना, सॉकेट आणि प्लगाच्या पिना टेपने झाकून, ट्रॉलरच्या यंत्रांना देतो तसा कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओलावा रोखणाऱ्या लेपाचा, हात दिला. अडॅप्टरचे प्लग मात्र तपासले नाहीत, आणि तो आळस मला पुढे जूनमध्ये भोवला.

पहिल्याच दिवशी एक धडा मिळाला. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर बांधून ठेवले आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण पाहिली, तर मंद गतीला बरोबर दिसणारी खूण इंजिन फिरवताच सरकू लागली. इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल चढत्या कडेवर वाचायचा की उतरत्या, ही एक सेटिंग उलटी पडली होती. इंजिन त्या स्थितीतही चालत होते, हीच यातली धोक्याची गोष्ट. टायमिंग लाइट न लावता केवळ गाडी चालू झाली म्हणून समाधान मानणाऱ्यांचे पिस्टन यातूनच जातात.

पहिले चार महिने मी झडप जागेवरच ठेवली. बोर्ड तिच्याकडे पाहत नव्हता. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब एका बारीक नळीने स्वतःच मोजतो. पण काही बिनसले तर वीस मिनिटांत जुना संगणक परत लावता यावा, एवढी सोय मला हवी होती. फेब्रुवारीत झडप काढली आणि गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतोय, ठिणगी आहे, पण मागून पंपाचा आवाज नाही. या १.६ इंजिनात पेट्रोलपंपाचा स्विच त्या झडपेच्याच घरात असतो, ही गोष्ट मी वाचली होती आणि विसरलो होतो. एक वायर जोडल्यावर काम झाले. त्याच घरात हवेच्या तापमानाचा सेन्सरही असतो, म्हणून त्याच्यासाठी नवा सेन्सर घेऊन मी तो इनटेक मॅनिफोल्डवर बसवला. ही माझी दुसरी चूक.

मे महिन्यात गणपतीपुळ्याला गाडी अर्धा तास उन्हात उभी केली. परत सुरू केली तर इंजिन धापा टाकू लागले, दोनदा बंद पडले आणि पाच मिनिटांनी आपोआप सुधारले. लॅपटॉप जोडून पाहिले तेव्हा सेन्सर ७१ अंश दाखवत होता. धातू तापला होता, सेन्सर धातूचे तापमान सांगत होता, आणि हवा विरळ आहे असे समजून बोर्ड पेट्रोल कापत होता. आत जाणारी हवा प्रत्यक्षात तेवढी गरम नव्हती. सेन्सर काढून एअर फिल्टरजवळच्या प्लास्टिकच्या पाइपात घातला, तापमानाची दुरुस्ती वरच्या टोकाला थोडी सौम्य केली, आणि तक्रार मिटली. थंड हवेतल्या लोकांचे तयार आकडे घेऊन बसणाऱ्याला आपल्याकडे हा त्रास हमखास होईल. उलट थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ज्या कोष्टकावर ते आठवडे घालवतात, ते मी एका सकाळीत उरकले.

अॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावर इंधनाचा जादा घोट द्यावा लागतो. मॅन्युअल गिअरच्या या जुन्या गाडीत थ्रॉटलवर खरा सेन्सर नसून पूर्ण बंद आणि पूर्ण उघडे एवढेच सांगणारा स्विच असतो. दाबाच्या बदलावरून काम भागते, पण पाय ठेवल्यावर किंचित उशीर जाणवतो. मी शेवटी थ्रॉटल किती उघडला ते सतत सांगणारा खरा सेन्सर बसवला. ज्याला बोर्डाचा खर्च काढायचा आहे त्याने हा सेन्सर आणि वाइडबँड (हवा-इंधनाचे नेमके प्रमाण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) आधीच हिशेबात धरावेत. वाइडबँडसाठी बॉशचा एलएसयू ४.९ घेतला, तो सायलेन्सरच्या पाइपात आडवा न लावता वरच्या बाजूने, टोक खाली राहील असा लावला, आणि इंजिन सुरू झाल्यावरच त्याच्या हीटरला वीज मिळेल अशी रिले ठेवली. कारण पाइपात साचलेले पाणी तापलेल्या सेन्सरवर पडले तर तो तडकतो.

आता जूनची गोष्ट. पहिल्या मोठ्या पावसानंतर आरे-वारेच्या रस्त्यावर समुद्राच्या बाजूने वारा असताना इंजिन क्षणभर मेले आणि परत जिवंत झाले. दुसऱ्या दिवशी तीनदा. बोर्डावर संशय घेऊन दोन संध्याकाळी वाया घालवल्या. शेवटी अडॅप्टरचा प्लग उघडला, तर क्रँकच्या सिग्नलची वायर पिनेत नीट दाबलेलीच नव्हती. तांब्याच्या केवळ तीन तारा धरलेल्या होत्या आणि त्याही हिरव्या पडल्या होत्या. विक्रेत्याला फोटो पाठवला. त्याने नवा अडॅप्टर देऊ केला, पण तो याच हाताने बनलेला असणार, म्हणून मी सगळ्या पिना स्वतः नव्याने दाबल्या आणि प्लगात ओलावा रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरले. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये एकदाही खोड निघाली नाही.

गाडी आता कशी चालते? निवळीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये टकटक न होता जातो. रत्नागिरीत चावी फिरवताना हवेचा दाब १०० किलोपास्कलच्या आसपास दिसतो. आंबा घाट चढून गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ९४ दिसतो आणि मंद गती तशीच स्थिर राहते. संध्याकाळी हेडलाइट उघडताना, या गाडीचे दिवे डोळ्यांसारखे वर येतात त्या क्षणी, इंजिन पूर्वी बेडकासारखे दबत असे. आता सुई जेमतेम हलते. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही.

उणिवाही आहेत. नॉकिंग ओळखण्याची व्यवस्था बोर्डावर नाही, म्हणून टायमिंग मी कानाने आणि भीतभीत पुढे नेले आहे आणि दोन अंश राखूनच ठेवले आहेत. प्रत्येक बारीक बदलाला लॅपटॉप लागतो. ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट चालते, पण इंधनाचे कोष्टक चालत्या गाडीत आपोआप दुरुस्त करणारी सोय पैसे भरल्यावरच मिळते. मी ते भरले आणि महिनाभराचे काम तीन रविवारांत झाले. ज्याला सोल्डरिंग येत नाही आणि शिकायचेही नाही, त्याने हा बोर्ड घेऊ नये. पैसे जास्त गेले तरी तयार पेटी घ्यावी आणि बसवणाऱ्याकडून टायमिंग लाइट समोर लावून घ्यावा.

जुना संगणक आणि झडप प्लास्टिकात गुंडाळून डिकीत आहेत. पुढचे काम इथेनॉलच्या सेन्सरचे. तो शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ देतो, म्हणजे आपल्या पंपावरच्या पेट्रोलला ७० यायला हवेत. त्याचा प्लग मी बोर्डावर आधीच सोल्डर करून ठेवला आहे. गणपती झाले की पेट्रोलचा पाइप कापायचा.