हवेची सीट-गादी, आठ महिने वापरल्यावर

मोटारसायकल रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, चालवणाऱ्याचं वजन ७८ किलो, उंची ५ फूट ८ इंच. आठ महिन्यांत साडेनऊ हजार किलोमीटर, त्यातले सात हजार हायवे आणि घाटातले. हे आकडे आधी देतोय कारण हवेची गादी वजनावर चालते. ५५ किलोच्या माणसाने खालची मापं जशीच्या तशी उचलली तर फसेल.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. बाजारात या रचनेच्या बऱ्याच गाद्या आहेत आणि आतून सगळ्या सारख्याच: फुगीर चौकोनी कप्प्यांची रबरी किंवा टीपीयूची (एक चिवट, लवचिक प्लास्टिक) चादर, कप्पे एकमेकांना बारीक नळ्यांनी जोडलेले, वर जाळीचं कव्हर, खाली न घसरणारं कापड, कोपऱ्यात व्हॉल्व्ह आणि बांधायला दोन पट्टे.

आधी निकाल सांगून टाकतो. नुसत्या सीटवर ७०-८० किलोमीटरला बूड बोलायला लागायचं, आता दीडशेपर्यंत चकार शब्द नाही. पुणे-कोल्हापूर एका चहावर होतं. गावात मात्र ही गादी म्हणजे लोढणं. रोज २० किलोमीटर ऑफिसला जाण्यासाठी कुणी घेत असेल तर घेऊ नये.

बूड दुखतं ते नेमकं कुठे, हे कळलं की गादीचं काम कळतं. बसल्यावर शरीराचा भार कुल्ल्यांतल्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. त्या दोन जागी चामडी आणि स्नायू हाड आणि सीटच्या मध्ये चेपले जातात, रक्त नीट फिरत नाही, आधी जळजळ होते, मग मुंग्या येतात. शोरूममध्ये मऊ लागणारी सीट इथेच दगा देते. मऊ फोम हाडाखाली पूर्ण दबला की खालचा कडक पत्रा किंवा प्लास्टिक लागतं. म्हणून ‘अजून मऊ करून दे’ असं सीटवाल्याला सांगणं बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं असतं. हवेच्या गादीत हाडाखालच्या कप्प्यातली हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते आणि भार मांड्यांपर्यंत पसरतो. अट एकच, हवा सरकायला जागा हवी.

आणि इथेच दहातले नऊ जण चुकतात. गादी टम्म फुगवतात. मग ती गादी न राहता फुटबॉल होते: वळणावर माणूस डुलतो, खड्ड्यात उसळतो, आणि सगळा भार परत त्या दोन हाडांवर येतो कारण हवेला जायला जागाच नाही. ‘घेतली, दोन दिवसांत काढून टाकली’ म्हणणारा भेटला की पहिला प्रश्न हाच विचारावा, हवा किती ठेवली होती?

भरायची रीत अशी. गादी सीटवर बांधून अर्ध्याहून थोडी जास्त फुगवायची. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, राईडचे कपडे घालून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून नेहमीसारखं बसायचं. बाजूचा स्टँड चालणार नाही, गाडी कलते आणि भार एका बाजूला जातो. मग व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडून हवा सोडत राहायचं. हळूहळू खाली जाता जाता एका क्षणी हाडाला सीट ‘लागते’. तिथे थांबायचं आणि एक छोटी फुंकर परत मारायची. हाड आणि सीट यांच्यात एक ते सव्वा सेंटिमीटर हवा उरली पाहिजे. दुसरा कुणी असेल तर त्याला गादीखालून बोटं सरकवायला सांगावं. बोटं जेमतेम सरकली पाहिजेत, आरामात फिरता कामा नयेत. भरल्यावर गादी बघायला अगदी मरगळलेली दिसते. तशीच दिसायला हवी.

तोंडाने भरताना श्वासातली वाफ आत जाते आणि दोनेक महिन्यांनी आतून कुबट वास येतो. शंभर-दीडशे रुपयांचा हातपंप घ्यावा. पेट्रोल पंपावरची हवा चुकूनही नको, एका झटक्यात कप्प्याची शिवण जाते.

आता हवामान आणि उंची. हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं. डिसेंबरात पहाटे पुण्यात १२ अंशाला भरलेली हवा दुपारी ३३ अंशाला सुमारे सात टक्के फुगते. पण त्याच वेळी ताम्हिणी उतरून माणगावात पोचलात तर ५६० मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीला आलात, बाहेरचा दाब सहाएक टक्क्यांनी वाढला. दोन्हीचा हिशोब फिटतो, गादीला हात लावावा लागत नाही. उलट्या दिशेला तसं नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात तर सुमारे १,३५० मीटरवर बाहेरचा दाब पंधरा टक्के कमी असतो आणि खाली नीट बसलेली गादी वर टणक होते. वेण्णा लेकपाशी एक सेकंद व्हॉल्व्ह सोडला की झालं. उतरताना मात्र तेवढी हवा परत भरायची आठवण ठेवावी, नाहीतर महाडपर्यंत सीटवर हाड आपटत जाल. मनाली-लेहला नेणाऱ्यांनी हे दर खिंडीला करावं.

उन्हात उभ्या गाडीवर काळी गादी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते. जेवून आल्यावर ती कडक वाटेल, पण लगेच हवा सोडू नका. पाच-सात किलोमीटर चालवा, वारा लागला की जागेवर येते.

पट्टे. गादीबरोबर येणाऱ्या चित्रात पट्टा सीटभोवती बाहेरून गुंडाळलेला दाखवतात. तसं केलं तर बाजूच्या पॅनलचा रंग महिन्याभरात घासला जातो. सीट काढून पट्टे तिच्या तळाखालून आडवे घ्यावेत, बकल बाजूला येईल असं बघावं. मांडीखाली बकल आलं तर शंभर किलोमीटरला तिथे चट्टा उठतो. सीट परत बसवताना पट्टा वायरिंगवर किंवा सीटखालच्या रबरी टेकूंखाली चेपला जात नाही ना, हे हाताने चाचपावं. उरलेली शेपटी कापून टोक लायटरने वितळवावं किंवा दुमडून टेपने बांधावं. लोंबता पट्टा चेनमध्ये गेला तर गादीचं दुखणं फारच किरकोळ वाटेल असं काहीतरी होतं.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर पट्टे ताणून ढिले होतात, एकदा परत ओढावे लागतात. गादी पुढे सरकून टाकीला चिकटली तर घसरण जाणवते; टाकी आणि गादी यांच्यात दोन बोटांची फट ठेवावी.

सहाव्या महिन्यात हवा उतरायला लागली, रात्रभरात अर्धी. निम्म्या वेळा अशा गळतीत दोष व्हॉल्व्हमधल्या धुळीचा असतो. व्हॉल्व्ह उघडून कोमट पाण्यात चोळून धुवावा, वाळवून परत लावावा. तरीही उतरत असेल तर कव्हर काढून, फुगवून, बादलीत दाबून एकेक कप्पा बघायचा. बुडबुडा दिसला तिथे पेनाने खूण. या गादीत कडेच्या कप्प्याला बाभळीच्या काट्याएवढं भोक निघालं. रस्त्यावरचा पंक्चरवाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून देईल, पण आधी गादी कशाची आहे ते बघा. काळं, रबराचा वास येणारं, खरखरीत असेल तर त्याचं सोल्यूशन धरतं. गुळगुळीत, चिवट प्लास्टिकसारखं असेल तर ते टीपीयू. त्यावर ट्यूबचं ठिगळ दुसऱ्या दिवशी सोलून हातात येतं. टीपीयूचं वेगळं चिकट ठिगळ आणि गोंद मिळतो, हवेच्या ट्रेकिंग मॅटला लावतात तोच. जागा स्पिरिटने पुसायची, गोंद लावून रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवायचं. त्यानंतर दोन हजार किलोमीटर झाले, ठिगळ धरून आहे.

आता गादीने काय होत नाही ते. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे. गादी बसलेल्या माणसाला साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर उचलते. साडेपाच फुटांखालच्यांचे टाचेचे टेकू जातात, सिग्नलला आणि उतारावर वळवताना ते महागात पडू शकतं. एनफिल्डचीच मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरची आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. माणूस वर गेला म्हणजे हातही वरून खाली यायला लागतात आणि मनगट दुमडतं. पहिल्या महिन्यात ‘बूड बरं झालं पण मनगट धरलं’ अशी तक्रार होती, ती यातून. उपाय फुकटचा आहे. नेहमीसारखं बसून, डोळे मिटून हात हँडलवर टाकावेत, बोटं सरळ करावीत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेष झाली पाहिजे. लिव्हर त्या रेषेच्या वर राहत असेल तर पकडीचा बोल्ट थोडा ढिला करून लिव्हर खाली फिरवायची. क्लचच्या बाजूला हे दोन मिनिटांचं काम. ब्रेकच्या बाजूला तेलाची डबी लिव्हरबरोबरच फिरते, ती फार तिरकी होणार नाही एवढंच फिरवावं, नंतर ब्रेक दाबून बघावा. क्लचच्या टोकाला दहा ते पंधरा मिलिमीटर मोकळी चाल (केबल ताणण्याआधी लिव्हर सैल हलते तेवढी) ठेवली आणि केबलला तेल दिलं की डाव्या हाताचं निम्मं दुखणं तिथेच संपतं.

ग्रिपवर फोमचं कव्हर चढवायचं असेल तर साबणाच्या पाण्याने सरकतं, वाळल्यावर घट्ट बसतं. उजव्या बाजूला ते हँडलच्या टोकाच्या वजनाला घासू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर सोडा. थ्रॉटल सोडला की फटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर कव्हर काढून कापा.

कंबरेलाही गादीचा उपयोग नाही, उलट हवा जास्त असेल तर कंबर सतत तोल सावरत राहते आणि लवकर धरते. कंबरेला कामाचा आहे मागचा शॉक. प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, सहा पायऱ्या आहेत. एकट्याला आणि छोट्या बॅगेला दुसरी, डबलसीट आणि सामान असेल तर पाचवी. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. बऱ्याच गाड्या सर्व्हिस सेंटरमधून कडक करून येतात आणि मालक वर्षभर माकडहाड चोळत बसतो.

आपल्याकडे दुचाकीला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गही बंद आणि समृद्धीही बंद, त्यामुळे नशिबात जुना रस्ता, त्यावरचे रंबलर आणि गावागावाचे स्पीडब्रेकर. रंबलरवर ही गादी झकास काम करते, बारीक थरथर वरपर्यंत पोचतच नाही. मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र उसळी देते. तिथे गुडघ्यांनी टाकी धरून फूटरेस्टवर जरा उभं राहावं. तसंही पंधरा-वीस मिनिटांतून एकदा मोकळ्या रस्त्यावर १५ सेकंद उभं राहिलं की हाडांखाली रक्त फिरतं. कुठल्याही गादीपेक्षा हे स्वस्त.

कपड्यांबद्दल एकच सांगतो. जाड जीन्सच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात, ती गाठ नेमकी बसायच्या जागी येते. हवेची गादीही तिच्यापुढे हरते. आत सुती नको, घाम धरून ठेवते आणि ओल्या सुताने कातडी सोलते. बिनपॅडची, घाम सुकवणारी सायकलची शॉर्ट चांगली. पॅडवाली घातली तर पॅड आणि गादी दोन्ही मिळून माणूस तरंगतो.

पावसाळ्यात गादीचा खरा दोष दिसतो. कव्हरची जाळी पाणी धरते आणि खालच्या कापडातून ते लवकर निघत नाही. आंबोलीत तासभर भिजल्यावर पाऊस थांबला तरी सीट पुढचे तीन तास ओली. रेनपँटची शिवण बुडाशी कमकुवत असेल तर तिथूनच पाणी आत येतं. जून ते सप्टेंबर गादी काढून ठेवणं किंवा वरून जाड प्लास्टिकची पिशवी चढवणं, दोनच मार्ग. पिशवी घसरते, म्हणून काढलेलीच बरी. काढताना हवा पूर्ण सोडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, घडी न घालता गुंडाळून ठेवा. घडीच्या रेघेवरच पुढच्या वर्षी चीर पडते.

मागे बसणाऱ्याला ही गादी देऊन बघितली. मागची सीट अरुंद आहे, गादी दोन्ही बाजूंनी लोंबते आणि ब्रेकला माणूस पुढे घसरतो. मागच्यासाठी लहान मापाची वेगळी मिळते, तीच घ्यावी.

आणि घाटात गाडी सोडून चहाला जाणार असाल तर गादी काढून बरोबर न्या. पट्ट्यांची बकलं झटपट सुटणारी घेतली तर दहा सेकंदांचं काम आहे. वरंध्याच्या माकडांना मक्याच्या कणसानंतर सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे सीटवरचं काहीतरी मऊ, आणि त्यांच्या दातांना टीपीयू काय, रबर काय, फरक पडत नाही.