आमच्या शाकाहारी घरातली पापलेट थाळी

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं. हातपाय धुऊन सगळे पानावर बसले, मी वरण वाढायला घेतलं, तेवढ्यात त्यांच्यातले आजोबा म्हणाले, "पापलेट रवा लावून आहे ना? आम्हाला तेच आवडतं." मला वाटलं चेष्टा करतायत. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण त्यांच्या सुनेने मोबाइल माझ्यापुढे धरला. आमच्याच घराचं नाव, आमच्याच पडवीचा फोटो आणि खाली कुणीतरी पाच तारे देऊन लिहिलेलं, की इथली पापलेट थाळी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. त्याच्या खाली दुसरा, समुद्र खिडकीतून दिसतो म्हणून खूश. तिसऱ्याला आमची लिफ्ट स्वच्छ वाटली होती. घर कौलारू, एकमजली. समुद्र आगर ओलांडून, सुरूचं बन ओलांडून, चालत सात-आठ मिनिटांवर.

ते रिव्ह्यू कुणी आमच्यावर लादलेले नव्हते. मी पैसे मोजून ते आणले होते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

आम्ही गुहागरला राहतो. घरामागच्या चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवण घरचंच. मोदक, घावन, फणसाची भाजी, असं. जाहिरात कधी केली नाही. व्याडेश्वराच्या दर्शनाला येणारे, हेदवी-वेळणेश्वर करून येणारे, धोपाव्याच्या फेरीबोटीने दाभोळहून उतरणारे, असे लोक एकमेकांना सांगून येत. मग पुण्यात असलेल्या आमच्या मुलाने गूगलवर आमचं घर टाकून दिलं आणि हळूहळू सगळे 'गूगलवर बघितलं' म्हणत येऊ लागले. पाच-सहा वर्षांत ३८ रिव्ह्यू आणि ४.७ रेटिंग. आमचे हे रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा बघत, बाजारभाव बघावा तसा.

२०२४ च्या गणपतीनंतरची गोष्ट. सकाळी साडेदहाला फोन आला. मुलगा अगदी गोड बोलत होता. "मॅडम, गूगलच्या पार्टनर कंपनीतून बोलतोय. काल रात्री तुम्हाला तीन वन-स्टार पडलेत, बघितले का?" मी बघितलेच नव्हते. फोन ठेवून उघडलं तर खरंच तीन एक-एक तारे. एकानेही शब्द लिहिलेला नाही आणि तिघांपैकी एकाही नावाचा माणूस आमच्याकडे कधी उतरलेला नाही. आमच्या वहीत सगळ्यांची नावं असतात. ४.७ चं ४.४ झालं होतं.

हा माणूस माझ्याआधी माझं घर कसं बघून आला, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. नाही आलं. पोटात गोळा आला एवढंच.

थोडं गणित सांगते, कारण त्यानेही मला याच गणिताने गुंडाळलं आणि गणित खोटं नव्हतं. ३८ जणांचे मिळून १७९ तारे होते. त्यात तीन एकेरी तारे पडले की ४१ जणांचे १८२, म्हणजे ४.४. पुन्हा ४.७ दिसायचं तर पाच ताऱ्यांचे सलग २५ रिव्ह्यू हवेत. आमच्यासारख्या चार खोल्यांच्या घरात दहा पाहुण्यांतला एखादाच आठवणीने लिहितो. २५ जमायला वर्षं जातील. मोठ्या हॉटेलला हजार रिव्ह्यू असतात, तिथे तीन तारे समुद्रात मीठ. लहान माणसाला मात्र तेच तीन बुडवतात, आणि हे त्या मुलाला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा 'मॅडम'ची 'काकू' झाली होती. पॅकेज १८,००० चं. ५० रिव्ह्यू, 'सगळी खरी माणसं, खरे मोबाइल'. ६,००० आधी, बाकीचे २५ रिव्ह्यू झाल्यावर. मी म्हटलं, हे खोटं नाही का? तो हसला. "काकू, सगळे करतात. तुमचं जेवण चांगलंच आहे ना? मग खोटं काय त्यात?" हे वाक्य मला पटलं. आज लाज वाटते, पण पटलं. ह्यांना सांगितलं नाही, मुलालाही नाही. यूपीआयने ६,००० पाठवले. कंपनीच्या नावात 'डिजिटल' होतं, पैसे गेले ते कुणा बाईच्या खात्यावर. बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर चित्र आलं, जीएसटी नंबर नसलेलं.

मग त्याने आमच्या गूगलच्या पानावर त्याचा ईमेल जोडायला लावला. तिथे दोन पर्याय दिसतात, 'मॅनेजर' आणि 'ओनर'. तो म्हणाला, मॅनेजरने काम होत नाही, ओनर करा. केलं. आठव्या दिवशी बरोब्बर फोन: "काकू, आता एक शेवटचं बटण." ते बटण मुख्य मालकी दुसऱ्याला देण्याचं होतं, आणि मी ते दाबलं. नवीन जोडलेल्या माणसाला पहिले सात दिवस मुख्य मालकी देता येत नाही, असा गूगलचा नियम आहे. तो आठवडाभर का थांबला होता, ते मला पुढे कळलं. सात दिवस मिळाले होते मला विचार करायला, आणि मी ते चकल्यांच्या भाजणीत घालवले.

रिव्ह्यू मात्र आले. नऊ दिवसांत ४६. आकडा पुन्हा ४.७ वर. ह्यांनी चहा पिताना मला दाखवलं, "बघ, लोकांना कळतं." मी काही बोलले नाही. मी ते वाचलेही नाहीत सगळे, वाचले असते तर पापलेट तेव्हाच दिसलं असतं. उरलेले १२,००० पाठवून मोकळी झाले. दिवाळीत सांगलीकर आले.

ते लोक भले. जेवले, दोन दिवस राहिले, भांडले नाहीत. निघताना सून म्हणाली, "काकू, जेवण खरंच छान होतं. पण आम्ही माशांसाठी आलो होतो, आणि आता तुमच्याबद्दल खरं काय लिहिलंय तेच कळत नाही." घरी जाऊन तिने दोन तारे दिले आणि लिहिलं, 'घर स्वच्छ, काकू प्रेमळ, पण इथले बरेच रिव्ह्यू खोटे आहेत, विश्वास ठेवू नका.' तीन बिनचेहऱ्याच्या ताऱ्यांनी झाली नव्हती एवढी जखम या दोन ताऱ्यांनी झाली. कारण तिचं म्हणणं खरं होतं.

नोव्हेंबरात भाची आली. पुण्यात शिकते. तिला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. तिने ते ४६ रिव्ह्यू वाचले आणि गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, हे माझ्यासारख्यांनीच लिहिलेत." आदल्या वर्षी तिला टेलिग्रामवर घरबसल्या काम मिळालं होतं. नकाशावरच्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, तीन रिव्ह्यूंचे १५० रुपये. कधी न पाहिलेल्या गावांतली कधी न पाहिलेली हॉटेलं. पहिले १५० खरंच आले. मग 'प्रीपेड टास्क' आला: आधी पैसे भरा, जास्त परत मिळतील. तिचे ७,००० गेले. तिनेही घरी सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या खोट्या ताऱ्यांमागे जी 'खरी माणसं' होती, त्यातली बरीचशी स्वतःच जाळ्यात अडकलेली पोरं असणार. एकाच पैशात दोन्ही टोकांना फसवणूक. त्या संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत बराच वेळ नुसत्या बसलो होतो.

दरम्यान त्याचा 'मेंटेनन्स' सुरू झाला होता, महिना ४,०००. एकदा भरले. डिसेंबरात नाही म्हटलं. त्याचा आवाज बदलला नाही, हेच जास्त भीतिदायक. "काकू, मग रिव्ह्यू पडतील. आणि नाताळात रेटिंग खाली पण येईल, बघा." नाताळच्या आधी दोन रात्रींत सात एकेरी तारे आले. आमच्या पानावरचा फोन नंबर बंद दाखवू लागला. मी दुरुस्त करायला गेले, तर मला आत जायलाच परवानगी नाही. माझं नाव काढून टाकलेलं. जानेवारीत गूगलने ते ४६ ओळखून उडवले, आमच्या पानावर 'खोटे रिव्ह्यू काढले आहेत' अशी सूचना लागली, नवे रिव्ह्यू येणं थांबलं आणि जुने खरेही काही काळ दिसेनासे झाले. खोटे रिव्ह्यू सापडले की गूगलची शिक्षाच अशी असते. ज्याने विकले त्याचं नाव कुठे नाही, पाटी लागते ती दुकानावर.

तेव्हा ह्यांना सांगितलं. हे रागावले नाहीत, म्हणाले, "मला विचारायचं तरी." मुलाने सुट्टी काढली.

त्याने आधी एक साधी गोष्ट केली, जी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. एक तारा देणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे कुठे रिव्ह्यू दिलेत ते बहुतेकदा दिसतं. आमच्या त्या पहिल्या तिघांपैकी एकाने त्याच आठवड्यात दापोलीपासून मालवणपर्यंत सहा घरांना एकेक तारा दिला होता. सगळी आमच्यासारखी, घरगुती, थोड्या रिव्ह्यूंची. त्यातल्या दोघांना मी फोन केला. दोघांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला होता, तेच पॅकेज, तीच 'काकू'. एकाने फोन कापून टाकला होता, तो वाचला. दुसऱ्याने पैसे दिले होते आणि माझ्यासारखाच गप्प होता. आग लावणारा आणि बंब घेऊन येणारा एकच.

घर परत मिळवायचा मार्ग असा. पानावर मालकीसाठी विनंती करायची. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. त्याने उत्तर दिलं नाही, मग पडताळणी. आम्हाला व्हिडिओ काढायला सांगितला: रस्ता, पाटी, आणि ही जागा आपल्या ताब्यात आहे हे दाखवणारं काहीतरी. मी गल्लीतून चालत आले, पाटी दाखवली, कुलूप उघडलं, विजेचं बिल धरलं. सासऱ्यांच्या वेळचं घर, आणि ते माझं आहे हे मी कुलूप उघडून मोबाइलला पटवतेय. शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या, त्यांना वाटलं मी रील बनवतेय.

खोट्या एकेरी ताऱ्यांची एकेक करून तक्रार केली. गूगलमध्ये तक्रारीची स्थिती बघता येते, नाकारली तर एकदा अपील करता येतं. दहापैकी आठ गेले, दोन अजून आहेत. रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे मागणाऱ्यांची तक्रार करायला आता वेगळा फॉर्मही आहे, त्याला धमकीचे मेसेज जोडावे लागतात. म्हणून असल्या माणसाशी फोनवर बोलू नका, लिहूनच बोला. माझ्याकडे त्याचं बोलणं जवळजवळ सगळं हवेत गेलेलं, व्हॉट्सॲपवर फक्त बिलाचं ते चित्र आणि 'पेमेंट डन?' एवढंच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोही शेवटचा हप्ता देऊन दोन महिने उलटल्यावर. तिथे पहिले काही तास मोलाचे, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. तरी तक्रार नोंदवली. ओळखीचे वकील म्हणाले, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे आणि खंडणीचं ३०८, धमकी देऊन पैसे मागणं हे दुसऱ्यात बसतं. मी विचारलं, आणि मी जे विकत घेतलं त्याचं काय? त्यांनी चष्मा पुसला. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलंय. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेला रिव्ह्यू छापूच नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय, हे मुलाने मला वाचून दाखवलं. त्याच ओघात त्याने सांगितलं, की मी रिव्ह्यू लिहिणाऱ्याला कोकमाच्या आगळाची बाटली भेट द्यायचे, तेही गूगलच्या नियमात बसत नाही. आता बाटली सगळ्यांनाच देते, लिहा की न लिहा.

एकूण २२,००० गेले, परत आलेले नाहीत. गप्प का राहिले, असं मुलाने विचारलं. चोराची तक्रार करायची तर चोराकडून आपण काय घेतलं तेही सांगावं लागतं, आणि तो फोनवाला हेच हेरून धंदा करतो. गूगलची माणसं रेटिंग वाढवायला फोन करत नाहीत, पान फुकट असतं, ओनर कुणाला करायचं नसतं, हे सगळं आता मला पाठ आहे. कुणी फोन करून विचारलंत तर सांगेन, लाजणार नाही.

सध्या ५० रिव्ह्यू आहेत आणि ४.६. सांगलीच्या सुनेचे दोन तारे त्यातच आहेत. मुलगा म्हणाला, तिच्याशी बोलून काढायला सांगूया का. मी नको म्हटलं. त्याखाली मी उत्तर लिहिलंय: 'तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. ते रिव्ह्यू मी विकत घेतले होते, आता काढले गेलेत. आमच्याकडे मासे मिळत नाहीत, समुद्र खिडकीतून दिसत नाही. आजोबांना नमस्कार सांगा.' हल्ली फोन करणारे बरेच जण ते उत्तर वाचूनच फोन करतात. परवा ठाण्याच्या एका बाईंनी तर आधी हेच विचारलं, "काकू, लिफ्ट नाहीच आहे ना?" त्यांच्या सासूबाईंना लिफ्टची भीती वाटते.