रोझा वन : ठळक मराठी मथळ्यांसाठी काही महिने वापरलेला फॉन्ट

मराठी मथळा ठळक करायचा म्हणजे हाताशी असलेल्या अक्षराभोवती त्याच रंगाची आउटलाइन ओढून ते फुगवायचे, ही पद्धत चौकातल्या फ्लेक्सपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत सर्वत्र रुळलेली आहे. अशा फुगवण्यात जाड आणि बारीक रेषा सारख्याच वाढतात, ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि अक्षराचे मूळ वळण हरवते. मुखपृष्ठे, निमंत्रणपत्रिका आणि नाट्यप्रयोगांची पोस्टरे यांसाठी गेले काही महिने ‘रोझा वन’ सातत्याने वापरल्यानंतर मी खात्रीने म्हणू शकतो की, देवनागरीला हवा असलेला भरदारपणा असा बाहेरून चढवावा लागत नाही. तो मुळातच रेखाटलेला असला की अक्षर कितीही जाड झाले तरी वाचनीय राहते.

हा फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा असून तो २०१४ मध्ये खुला झाला. त्यातली देवनागरी टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी घडवली, तर रोमन अक्षरे शिव नल्लपेरुमाळ यांची आहेत. रोमन भागाची घडण ‘फॅट फेस’ या प्रकारातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सोडतींच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर दुरून वाचता याव्यात म्हणून ही अक्षरे पुढे आली आणि त्यांच्या प्रारंभाचे श्रेय सहसा रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्या कारागिराला दिले जाते. उभी रेषा शक्य तितकी जाड करायची आणि आडवी, जोडणारी रेषा मात्र केसासारखी बारीक ठेवायची, हे त्यांचे तत्त्व होते.

हेच तत्त्व देवनागरीत आणणे सोपे नाही. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाडी कोठे यावी हे बोरूच्या कापावरून ठरते आणि तो काप रोमन टाकाच्या कापाच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन अक्षराची जाड-बारीक विभागणी जशीच्या तशी उचलली, तर ‘म’ आणि ‘भ’ परके वाटू लागतात. रोझा वनमध्ये तसे झालेले नाही. काना भक्कम उभा राहतो, वळणे बोरूची वाटतात आणि जाड भाग जिथे बारीक रेषेला मिळतो तिथे अक्षर श्वास घेते. मला सर्वाधिक समाधान दिले ते द्विभाषिक पोस्टरांनी. वर मराठी नाव आणि खाली इंग्रजी नाव एकाच आकारात ठेवले तर एरवी इंग्रजी ओळ एकतर फिकी पडते किंवा डोक्यावर बसते. येथे दोन्ही लिप्या बरोबरीने बोलतात, आणि हे काम किती बारकाईने केले असेल याची कल्पना असा तोल स्वतः साधून पाहणाऱ्यालाच येईल.

मात्र हा फॉन्ट आकार आणि जागा मागतो. चोवीस पॉइंटच्या खाली मी तो वापरतच नाही, कारण तिथे बारीक रेषा नाहीशा होतात आणि नुसते काळे ठिपके उरतात. कागदही महत्त्वाचा आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेटने छापलेले मुखपृष्ठ देखणे येते, पण शाई पसरणाऱ्या खरखरीत कागदावर त्याच रेषा जाडावतात. गडद रंगात पांढरी अक्षरे सोडायची असतील तर अधिक दक्षता घ्यावी लागते. एका छापखान्यात चारही रंगांच्या मिश्रणातून अशी अक्षरे सोडली गेली, रंगांचे रजिस्टर, म्हणजे ते एकमेकांवर नेमके बसण्याची जुळणी, किंचित सरकले आणि बारीक रेषा बुजून गेल्या. तेव्हापासून पार्श्वभूमी शक्यतो एकाच शाईची ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

रोमन मथळ्याप्रमाणे अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह टाळावा. तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधले अंतर मात्र सढळ ठेवावे. वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांवर आदळतात, आणि एवढ्या जाड अक्षरांत ती धडक लपत नाही. ‘द्वंद्व’ किंवा ‘उद्घाटन’ यांसारखा शब्द मथळ्यात असेल तर काम हातावेगळे करण्यापूर्वी खरा नमुना छापून पाहावा. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे सुटी पडत असतील तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो; परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा त्यातला अक्षरजुळणीचा पर्याय निवडला की ती जुळतात.

सोबतच्या मजकुरासाठी मी दोन-तीन फॉन्ट आजमावले. मुक्ता सुवाच्य आहे, पण तिच्या एकसारख्या जाडीच्या रेषांमुळे मथळा आणि मजकूर दोन वेगळ्या घरचे वाटतात. तिरो देवनागरी मराठी अधिक जुळतो, कारण त्यातही जाड-बारीक रेषांचा पारंपरिक खेळ आहे. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असल्यामुळे मथळ्यातली हीच दोन अक्षरे त्यांच्याशी जुळतात का, हे आधी पाहून घ्यावे.

फॉन्ट खुल्या परवान्याचा असल्याने व्यावसायिक कामात तो विनामूल्य वापरता येतो. रोझा वनला एकच वजन (म्हणजे जाडीचा एकच प्रकार) आहे आणि तिरपी अक्षरे नाहीत. मोठ्या पोस्टरासाठी त्याची उणीव भासत नाही. मला खरोखर हवी आहे ती याच अक्षरांची, बारीक रेषा थोड्या भरलेली आणखी एक आवृत्ती, म्हणजे मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव आणि मलपृष्ठावरची उपशीर्षकेही याच घराण्यातून घेता येतील.